तालुक्याच्या इंग्लिश क्लासचा रिव्ह्यू : फाडफाड काही झालं नाही, पण 'असन'चं इंग्रजी समजलं

आधीच सांगून टाकतो, क्लासचं नाव लिहिणार नाही. तालुका एवढासा आहे, सर रोज सकाळी आमच्या दुकानासमोरून गाडी काढतात आणि त्यांच्या वावरात तूर आहे म्हणजे औषध घ्यायला आमच्याकडेच येतात. यवतमाळ जिल्हा, स्टँडपासून पायी पाच मिनिटं, खाली पिठाची चक्की आणि वर क्लास, एवढ्यावरून ज्याला समजायचं त्याला समजलं. तीन महिन्यांचे साडेतीन हजार, नोट्सचे दीडशे वेगळे, दोन हप्त्यात घेतात आणि कापूस विकल्यावर देतो म्हटलं तरी सर नाही म्हणत नाहीत, ही गोष्ट आधी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो कारण पुढे थोडी खाजपण काढणार आहे.

मी कृषी केंद्रात कामाला आहे. क्लास लावायचं कारण एक मेसेज. जूनमध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर एका कंपनीचा माल अडकला, त्यांचं ऑफिस हैदराबादला, तिथल्या मॅडमला मराठी येत नाही आणि माझी हिंदी फोनवर त्यांना समजत नाही. मालक म्हणाले तू बारावी झालेला आहे, टाक इंग्रजीत मेसेज. माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, 'सोमवारपर्यंत माल पाठवायला पाहिजे', त्याचं मी धरून सरळ केलं 'यू मस्ट सेंड द स्टॉक बाय मंडे' आणि खाली हात जोडलेलं चित्रपण टाकलं. अर्ध्या तासात मालकाला फोन, तुमचा पोरगा आम्हाला ऑर्डर सोडतो का म्हणून. मी म्हटलं ऑर्डरच तर दिली, दोनशे पाकिटांची. मालकाने डोक्याला हात लावला. माल शुक्रवारी आला, तोपर्यंत गिऱ्हाइकं समोरच्या दुकानातून बियाणं घेऊन मोकळे झाले होते.

आता मला कोणी सांगावं, 'पाहिजे' म्हणजे 'मस्ट' हे मी कुठून आणलं? शाळेतूनच. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, मी त्या पहिल्यापहिल्या वर्षांतलाच, बारा वर्षं शिकलो आणि बाराही वर्षं 'मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे' असं दोन्हीला एकच अर्थ लिहून पास झालो. आपलं 'पाहिजे' कुठेही बसते. चहा पाहिजे, तुम्ही लग्नाला यायला पाहिजे, सरकारने भाव द्यायला पाहिजे. त्यात हुकूम किती, विनंती किती, नुसती हळहळ किती हे आपण आवाजावरून ओळखतो. मेसेजला आवाज नसतो.

क्लासच्या बोर्डावर '४५ दिवसांत फाडफाड इंग्लिश' लिहिलं आहे आणि फी मात्र तीन महिन्यांची घेतात, हे गणित मी विचारलं तर सर हसले फक्त. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. याच वेळेला खाली चक्की जोरात चालते, फरशी हळूहळू थरथरते आणि पहिल्या रांगेत बसलं तर घरी जाईपर्यंत वहीवर पिठाचा हात फिरलेला असतो. पंखे दोन, एक चालतो. जुलैमध्ये आम्ही २६ जण होतो, सोयाबीन काढणीला आलं तेव्हा १४ राहिले आणि कापूस वेचणीला ११. त्यात सरांचा काही दोष नाही.

पहिला महिना नुसता टेन्स. बारा टेन्सचा तक्ता, रोज पाठ. ज्यांनी कधीच केला नाही त्यांना ठीक, मला तरी तो महिना पैसे पाण्यात गेल्यासारखा वाटला. 'मी जाऊन राहिलो' याचं 'आय अॅम गोइंग' होते, आपली वऱ्हाडी त्या बाबतीत पुण्याच्या मराठीपेक्षा इंग्रजीला जवळ आहे, असं सर एकदा बोलले तेवढाच कामाचा भाग. शेवटचा महिनापण लगबगीत गेला, इंटरव्ह्यू, ग्रुप डिस्कशन वगैरे, त्यात चार जण बोलायचे आणि सात जण मान हलवायचे. मधले बारा-तेरा दिवस मात्र सरांनी मोडल ऑक्झिलरी, म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड असे क्रियापदाच्या आधी लागणारे शब्द, घेतले आणि हा सगळा रिव्ह्यू मी त्या बारा-तेरा दिवसांसाठी लिहून राहिलो आहे.

(मोडल म्हणा, मॉडेल नाही. आमच्या बॅचमधल्या एकाने पहिल्या दिवशी वहीवर 'मॉडेल एक्झिलरी' लिहिलं आणि बाजूला टाय लावलेल्या माणसाचं चित्र काढलं. शेवटपर्यंत त्याचं नाव मॉडेलच पडलं.)

पहिल्या दिवशी सरांनी नियम सांगायची जी युक्ती केली ती मी आता आमच्या पुतण्यालाही शिकवली. ते म्हणाले, मोडल म्हणजे देऊळ. त्याच्या मागे येणारं क्रियापद चपला बाहेर काढूनच आत येते. एस, ईडी, आयएनजी, टू, ह्या सगळ्या चपला. 'ही कॅन गोज' नाही, 'ही कॅन टू गो' नाही, 'ही कॅन गोइंग' नाही. 'ही कॅन गो', अनवाणी. आणि खुद्द देवालाही एस लागत नाही, 'ही कॅन्स' असं काही नसते. फक्त 'ऑट' नावाचा एक देव असा आहे की त्याच्या देवळात 'टू'ची चपल घालूनच जा लागते, 'ऑट टू गो'. प्रश्न विचारायचा तर देव स्वतः पुढे येतो, 'कॅन यू कम', त्याला 'डू'सारखा पुजारी लागत नाही. आणि एका म्यानात दोन तलवारी नाही, म्हणजे 'आय विल कॅन कम' नाही, तिथे 'आय विल बी एबल टू कम'. याच्यातूनच आपल्या इकडचा मोठा रोग निघतो, 'आय कॅन एबल टू'. सर म्हणाले हे वाक्य म्हणजे बनियनवर बनियन. कॅनमध्येच 'एबल' आला ना बापा, मंग पुन्हा काहून घालतो.

मॉडेलने लगेच हात वर केला, सर यूट्यूबवर अमेरिकेतला एक म्हातारा 'माइट कुड' म्हणते. सर म्हणाले हो, अमेरिकेच्या दक्षिणेकडे आणि स्कॉटलंडमध्ये बोलतात तसं, ते त्यांचं वऱ्हाडी समज. परीक्षेत लिहू नको. हे मला आवडलं, ते चूक म्हणाले नाहीत.

'कॅन'बद्दल एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. हा शब्द जुन्या इंग्रजीत 'माहीत असणे' या अर्थाचा होता. आपलंही तसंच आहे बघा, 'मला पोहता येते' म्हणतो आपण, अंगात बळ आहे असं नाही, विद्या येते असं. बळाचं वेगळं, 'मी पोतं उचलू शकतो'. इंग्रजीत दोन्हीला कॅन. आणि 'कुड'मधला एल मुळात नव्हताच म्हणे, 'वूड' आणि 'शुड'मध्ये होता म्हणून त्यांच्या देखादेखी यालाही चिकटवला. तिघांतही तो बोलायचा नाही. आमच्या बॅचमध्ये 'कुल्ड' आणि 'शुल्ड' म्हणणारे निम्मे होते, मीपण. फोनसाठी आणखी एक कामाचं, 'कॅन' बोलताना इंग्रज लोक त्याला दाबून 'कन' करतात आणि 'कान्ट'वर जोर देतात. आपण उलटं करतो, 'आय कॅऽन कम' असं जोरात, समोरच्याला वाटते हा नाही म्हणून राहिला.

बरं आता 'असन'चा दिवस. ज्यांना वऱ्हाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपण 'असेल'ला 'असन' म्हणतो, 'येईल'ला 'येईन'. तो घरी असन, पाणी येईन, बस गेली असन. त्या दिवशी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसतं विचारलं, "तू स्टँडवर आला, साडेपाचची आर्णीची बस दिसून नाही राहिली, घरी फोन करून काय सांगतो?"

मागून एक म्हणाला, "गेली असन."

"इंग्रजीत?"

"बस विल गो."

"ते जाईन झालं. ती अजून जायची आहे का?"

दुसरा म्हणाला, "बस इज गॉन."

"तू पाहिली का जाताना?"

"नाही जी."

"मंग कशावरून म्हणतो गेली?"

पोरगा जरा चिडला. म्हणाला, कशावरून म्हणजे काय सर, फलाटावर कोणी नाही, फल्लीची टरफलं पडून आहेत, चहावाल्याने बाकडं आत घेतलं. सर टेबलावर हात मारून म्हणाले, हेच लिहा. पुरावा सगळा आहे, फक्त डोळ्याने पाहिली नाही. 'द बस मस्ट हॅव लेफ्ट.' इथे मस्टचा आणि पाहिजेचा काही संबंध नाही. आता फलाट बदला. दहा माणसं पिशव्या घेऊन उभी आहेत, कंडक्टर रसवंतीवर उभा दिसते, मग 'द बस कान्ट हॅव लेफ्ट', गेली असणं शक्यच नाही. मस्टचं उलटं इथे मस्ट नॉट होत नाही, कान्ट होते. आता एक जण म्हणते गेली, दुसरा म्हणते नाही गेली, तर 'मे हॅव लेफ्ट', नाहीतर 'माइट हॅव लेफ्ट', माइटमध्ये तुमचा भरवसा आणखी थोडा कमी. आणि तुम्ही अजून घरीच आहात, घड्याळात पावणेसहा झाले, टाइमटेबल साडेपाचचं आहे, तर 'द बस शुड हॅव लेफ्ट बाय नाऊ', म्हणजे नियमाने निघाली असायला पाहिजे, बाकी एसटीची मर्जी.

एका 'गेली असन'ची इंग्रजीत चार-पाच वाक्यं झाली. सर म्हणाले आपण 'असन' म्हणून मोकळे होतो, कशावरून ते सांगत नाही. इंग्रजी विचारते, कशावरून. मी त्या रात्री घरी जाताना गाडीवर नुसतं हेच करत गेलो. आईचा फोन आला नाही, ती झोपली असन, कोणतं झोपली असन? रोज नऊला झोपते, म्हणजे शुड बी. लाइट बंद दिसला तर मस्ट बी. घरी पोचलो तर आई ओट्यावर बसून वाती वळून राहिली होती.

रेल्वेवरून तर भांडणच झालं. 'यूज्ड टू'ला उदाहरण निघालं, 'शकुंतला यूज्ड टू रन बिटवीन यवतमाळ अँड मूर्तिजापूर', पूर्वी धावायची, आता नाही, एकदम फिट. मग कोणीतरी वर्धा-यवतमाळ-नांदेड लाइन काढली. वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ मध्ये गाडी आली, मग नांदेडपर्यंतची 'विल कम' का 'शुड कम' का 'माइट कम'? बँकेत कामाला असलेला पोरगा विलवर अडून बसला, आमच्या बॅचमधले एक काका, वय साठच्या वर, कट्टर विदर्भवादी, ते म्हणाले माइटसुद्धा जास्त झालं, याच्यासाठी एखादं 'कुड हॅव कम' ठेवा. पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना. सरांनी थांबवलं नाही आणि मला वाटते तीन महिन्यांत सगळ्यात जास्त इंग्रजी त्याच पाच मिनिटांत बोललं गेलं.

हे काका का यायचे तर नातू पुण्याला आहे, त्याची बायको बंगाली, व्हिडिओ कॉलवर बोलायला. पण त्यांना खरा रस कायद्याच्या इंग्रजीत. 'मे'चा दिवस त्यांनीच गाजवला. झालं असं की बॅचमधल्या एका दादाला एका बँकेचं पत्र आलं होतं, 'यू मे सबमिट द डॉक्युमेंट्स ऑन ऑर बिफोर' अमुक तारीख. त्याला शाळेत शिकवलेलं मे म्हणजे परवानगी. त्याने म्हटलं, परवानगी दिली आहे, देऊ कधीतरी, आणि पीककर्जाचं नूतनीकरण राहून गेलं. सर म्हणाले, आपल्या इकडच्या ऑफिसच्या इंग्रजीत 'मे' हा गोड बोलून दिलेला हुकूम असतो. 'मे प्लीज बी नोटेड', 'मे बी फॉरवर्डेड', हे सगळं करून टाकाच या अर्थाचं. इंग्लंडच्या माणसाला ते विचित्र वाटेल, पण आपल्याला पत्रं आपल्याच बँकेची येतात ना.

काका लगेच उठले. म्हणाले, मंग घटनेतला मे कोणता? कलम ३ मध्ये 'पार्लमेंट मे बाय लॉ' नवं राज्य करू शकते असं आहे. कलम ३७१ च्या दुसऱ्या पोटकलमात राष्ट्रपती 'मे बाय ऑर्डर' विदर्भ, मराठवाडा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकू शकतात. मंडळं १९९४ मध्ये झाली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. "हा मे बँकेवाला मे आहे का खरा मे आहे, ते सांगा." सर म्हणाले काका, हा खरा मे, अधिकार आहे, सक्ती नाही. सक्ती पाहिजे असेल तर तिथे शॅल लागते, कलम १४ पाहा, 'द स्टेट शॅल नॉट डिनाय'. काका म्हणाले कोर्टात कधीकधी मेचाही अर्थ शॅल लावतात, आणि बसले. त्या दिवशी हे ऐकता ऐकता आठ वाजून गेले आणि खेड्यावरच्या दोघी मुलींची शेवटची बस हुकली, त्यांना काकांनीच नातेवाइकाच्या ऑटोने पोचवलं.

हे बसचं मी तक्रार म्हणूनच लिहितो. आठच्या नंतर आमच्याकडून खेड्यांवर गाडी नाही. त्या दोघी आणि एक आशाताई रोज आठला पाच कमी असताना उठून जायच्या, म्हणजे फी पूर्ण आणि क्लास दोन तृतीयांश. दुपारची लेडीज बॅच सुरू करा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. जिन्यात कागद चिकटवला आहे, 'लेडीज बॅच विल स्टार्ट सून'. जुलैपासून आहे. पाऊस लागून 'विल'ची शाई फुटली, आशाताई म्हणाल्या सर आता तरी माइट करा.

आता खरी खाज. नोट्स. चाळीस पानांचं झेरॉक्सचं बाड, नागपूरच्या कुठल्यातरी जुन्या क्लासच्या नोट्सवरून काढलेलं असावं, काही पानांवर दुसऱ्याच माणसाचं अक्षर आहे. त्यात मोडलचा तक्ता. एका रकान्यात 'मस्ट = गरज आहे', शेजारी 'मस्ट नॉट = गरज नाही'. दिसायला किती बरोबर दिसते, नाही का? आणि शॅलसमोर फक्त 'आय, वुई सोबत भविष्यकाळ'.

आता मी दुकानात काय विकतो तर विष. बाटलीवरचा चौकोन पाहिला ना तुम्ही, त्यात लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. २०१७ मध्ये आमच्या याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हापासून मालक सांगतात बाटलीसोबतचा कागद गिऱ्हाइकाला वाचून दाखव. त्या कागदाची घडी उघडली की टॉवेलएवढा होते आणि अक्षर मुंगीएवढं, मराठी भाग कधी घडीवर छापलेला असतो की निम्मा वाचता येत नाही. म्हणून मी इंग्रजी भाग वाचायला लागलो. त्यात होतं, वापरलेले डबे 'शॅल नॉट बी लेफ्ट आउटसाइड', पुन्हा वापर होऊ नये म्हणून. मी नोट्सप्रमाणे अर्थ लावला, भविष्यकाळ, 'डबे बाहेर राहणार नाहीत'. मला खरंच वाटलं की कंपनी गाडी पाठवून डबे उचलून नेत असन. म्हणजे मी एका म्हाताऱ्या बुवांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, कधी येते गाडी?

दुसऱ्या एका कागदावर 'मस्ट नॉट बी मिक्स्ड' अशी दोन औषधं होती. नोट्सप्रमाणे, मिसळायची गरज नाही. म्हणजे मिसळली तर चालते? इथे मी थांबलो, कारण त्याच कागदाच्या मराठीत 'मिसळू नये' होतं आणि तो भाग नेमका घडीवर नव्हता. संध्याकाळी दोन्ही कागद घेऊन क्लासला गेलो. सरांनी चष्मा वर करून वाचले, नोट्सचं पान काढलं, पुन्हा कागद वाचला. खालची चक्की तेवढी ऐकू येत होती. मग फळ्यावर मोठ्याने बोलत लिहिलं, 'मस्ट नॉट म्हणजे करायचंच नाही. गरज नाही म्हणजे डोन्ट हॅव टू किंवा नीडन्ट.' आणि सगळ्यांना पेन काढून तो रकाना खोडायला लावला. म्हणाले, माझी चूक, मी हे पान कधी नीट वाचलंच नव्हतं.

मग त्यांनी आपलीच वाक्यं धरली. 'उद्या ये लागत नाही', म्हणजे सुट्टी आहे, आला तर चहा पाजू, 'यू डोन्ट हॅव टू कम'. 'उद्या यायचं नाही', म्हणजे पायरी चढायची नाही, 'यू मस्ट नॉट कम'. आपल्या बोलीत हा फरक लख्ख आहे, लागत नाही आणि नाही, इंग्रजीत गेल्यावरच आपण त्याची खिचडी करतो. शॅलचं पण सांगितलं, कायद्यात आणि नियमात शॅल म्हणजे बंधन, कोणासोबतही येवो. 'आय वुईला शॅल, बाकीच्यांना विल' हा नियम १६५३ मध्ये जॉन वॉलिस नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातला, तो आपण अजून पाठ करून राहिलो आणि तिकडे बोलण्यात बहुतेक सगळे विलच वापरतात.

एवढं झालं म्हणून मी त्यांना एक स्टार जास्त देणार होतो. पण ऑक्टोबरमध्ये नवीन बॅचच्या पोराच्या हातात नोट्स पाहिल्या, तोच रकाना, तशीच 'गरज नाही', खोडलेलंही नाही. झेरॉक्सवाल्याकडे मूळ प्रत जुनीच आहे. त्या पोराच्या नोट्समध्ये मी माझ्या पेनाने दुरुस्त करून दिलं, बाकीच्यांचं काय. तो स्टार परत घेतला.

तलाठी भरतीवाली चार पोरं बॅचमध्ये होती. त्यांचं म्हणणं वेगळं आहे, त्यांना शंभर प्रश्नांत इंग्रजीचे पंचवीस, म्हणजे पन्नास मार्क, त्यांना बस गेली असनची मजा नको, पर्याय अ ब क ड पाहिजे. सर शेवटी पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवायचे आणि ती पोरं खूश नव्हती. ज्यांना नुसत्या भरतीसाठी जायचं आहे त्यांनी दुसरीकडे पाहावं, हे मी सरांच्या तोंडावरही बोललो आहे.

हळहळीचा दिवस मात्र सगळ्यांना आवडला. 'शुड हॅव'. सर म्हणाले, कापूसवाल्यांनो, तुमच्यासाठी देवाने हे बनवलं. २०२२ मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला, त्याच्या पुढच्या हंगामात तोच भाव येईन म्हणून आमच्या घरात खाटेखाली, माळ्यावर, देवघरात सगळीकडे कापूस, अंगाला खाज सुटेपर्यंत ठेवला, आणि भाव खालीच गेला. 'वुई शुड हॅव सोल्ड इट', विकायला पाहिजे होता, विकला नाही. 'वुई कुड हॅव सोल्ड इट', संधी होती. 'द ट्रेडर मस्ट हॅव नोन', व्यापाऱ्याला माहीत असनच, हे काकांचं. 'वुई नीडन्ट हॅव स्टोअर्ड इट', ठेवायची गरज नव्हती, ठेवला. आणि बोलताना हॅव नुसतं 'अव' होते, 'शुडव', ते ऐकून पोरं 'शुड ऑफ' लिहितात तसं लिहू नका.

घाईत झालेलं पण सांगतो. 'वूड'ला त्यांनी एकच दिवस दिला, कमी होता. आपल्या लोकांना वाटते वूड म्हणजे विलचा सभ्य भाऊ, म्हणून 'आय वूड बी कमिंग टुमारो' लिहितात, समोरच्याला वाटते येईन म्हणते पण कशाची तरी अट दिसते. येणार असाल तर विल लिहा. 'कुड' आणि 'वॉज एबल टू' यातला फरक तर दोन मिनिटांत उरकला. पूर्वी पळता यायचं तिथे कुड चालते, पण काल धावत जाऊन बस पकडली, एकदाच, ती गोष्ट झाली, तिथे 'आय वॉज एबल टू कॅच'. पकडता आली नाही असेल तर 'कुडन्ट' चालते. हे मला नंतर घरी बसून समजलं. 'डेअर' तर राहूनच गेलं.

पैसे वसूल झाले का? पाचातले साडेतीन. पूर्ण तीन महिने लावू नका, सरांना विचारा मोडल कधी सुरू होते आणि तेवढ्याच महिन्याची फी देऊन जा, ते घेतात, बाराशे. खिडकीकडच्या रांगेत बसा, पीठ कमी येते. नोट्स घेतल्या तर मस्ट नॉटचा रकाना आधी खोडा.

मागच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बियाण्यासाठी त्याच हैदराबादच्या मॅडमला मी मेसेज टाकला. 'कुड यू प्लीज सेंड द स्टॉक बाय मंडे?' हात जोडलेलं चित्र टाकलं नाही. दहा मिनिटांत उत्तर, 'शुअर, इट शुड रीच बाय मंडे.' मालक चष्मा लावून वाचायला लागले, खूश झाले, म्हणाले लाव बोर्ड, सोमवारी बियाणं मिळेल. मी म्हटलं मालक, थांबा, विल नाही लिहिलं, शुड लिहिलं आहे, आणि गिऱ्हाइकांना बुधवारी या म्हणून सांगितलं.

गाडी मंगळवारी रात्री नऊला लागली.